येशूच्या ऐतिहासिकतेवरचा धरमपेठेतला वर्ग: फी वसूल, पण पौलावर अन्याय

फी नऊशे रुपये. चार रविवार, सकाळी आठ ते अकरा. चहा, पोहे आणि ६४ पानांची फाइल त्यातच. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरणारा हा अभ्यासवर्ग एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे: येशू नावाचा माणूस खरंच होऊन गेला, याला इतिहासाच्या कसोटीवर टिकणारा पुरावा कोणता? आधीच सांगून टाकतो, वर्ग चांगला आहे. एवढ्या पैशांत इतकं नेमकं साहित्य मराठीतून सहसा हाती लागत नाही. पण वेळेची वाटणी चुकली आहे आणि ती चूक लहान नाही. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस याला अख्खे तीन तास आणि बायबलच्या नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाला चाळीस मिनिटं! हा वाद खरा कुठे अडतो, हे आखणी करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलंही असेल, पण रंजक भाग आधी वाढून घ्यायचा मोह आवरला नसेल.

सुरुवात मात्र झकास. हॉलमध्ये शिरताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. त्यावर एकच वाक्य छापलेलं आहे: पहिल्या शतकात गालीलात येशू नावाचा एक यहूदी उपदेशक होता, त्याच्याभोवती अनुयायी जमले आणि पंतय पिलात सुभेदार असताना त्याला यरुशलेमेत क्रुसावर देण्यात आलं. तपासायचं ते एवढंच. कुमारीपोटी जन्म, चमत्कार, पुनरुत्थान हे सगळं कार्डाबाहेर. कोणी तिकडे वळलं की संचालक काही न बोलता कार्ड वर धरतात. ही युक्ती लागतेच, कारण आपल्याकडे येशूचं नाव निघालं की पाचव्या मिनिटाला गाडी धर्मांतरावर येते आणि पुरावा बसतो बाजूला. कार्डाचा दुसरा फायदा असा की हा सश्रद्ध विरुद्ध नास्तिक सामना नाही, हे पहिल्याच तासाला कळतं. येशू होऊन गेला असं ठामपणे मांडणारे बार्ट एहरमन स्वतः अज्ञेयवादी आहेत. बहुसंख्य अभ्यासकांचा कल त्यांच्याच बाजूने आहे. रिचर्ड कॅरियर यांच्यासारखे विरुद्ध टोकाचे अभ्यासक संख्येने थोडे आहेत, पण त्यांच्या आक्षेपांना उत्तर द्यावंच लागतं. वर्गात दोघांनाही सारखाच मान मिळतो.

फाइलचं पहिलं पान म्हणजे चार रकान्यांचा तक्ता. कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, माहिती कोणाकडून मिळाली आणि आज हातात असलेली सर्वांत जुनी प्रत कधीची. पहिल्या रविवारी रोमन इतिहासकार टॅसिटसचा तक्ता फळ्यावर भरून दाखवतात. रोमच्या आगीसाठी नीरोने ख्रिस्ती लोकांना जबाबदार धरलं आणि त्यांच्या ख्रिस्ताला पिलाताने मृत्युदंड दिला होता, ही त्याच्या ‘ॲनल्स’ या ग्रंथाच्या पंधराव्या खंडातली चव्वेचाळिसाव्या परिच्छेदातली नोंद. आग इ.स. ६४ ची, लेखन ११६ च्या सुमाराचं. म्हणजे क्रुसावरच्या मृत्यूपासून (इ.स. ३० किंवा ३३ धरा) ऐंशीहून अधिक वर्षं. प्रत अकराव्या शतकातली. तिसरा रकाना कोरा राहतो, कारण माहिती कुठून मिळाली हे टॅसिटस सांगतच नाही. तो या पंथाला घातक अंधश्रद्धा म्हणतो, त्यामुळे मजकूर कोण्या ख्रिस्ती नकलकाराने घुसडला असण्याची शक्यता कमी. पण त्याने ती माहिती रोममधल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यातूनच उचलली असेल, तर स्वतंत्र पुरावा म्हणून तिचं वजन घटतं. सरकारी दफ्तर पाहून लिहिलं असेल असा दावा सभांमध्ये हमखास होतो. त्यावर वर्गाचं उत्तर सडेतोड आहे: टॅसिटस पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो, आणि १९६१ साली कैसरियाला सापडलेल्या शिलालेखात पिलाताचा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ आहे. दफ्तर बघितलं असतं तर हुद्दा बहुधा चुकला नसता. ‘बहुधा’ हा शब्द संचालकांचाच. दोन्ही शब्द त्या काळात सैलपणे वापरले जात, अशी पुस्तीही त्यांनी लगेच जोडली.

रोमन सुभेदार प्लिनी आणि चरित्रकार स्विटोनियस पंधरा मिनिटांत उरकतात, आणि तेवढं पुरेसं आहे. प्लिनीचं ट्राजन बादशहाला लिहिलेलं पत्र ११२ च्या सुमाराचं. बिथिनियातले (आजच्या तुर्कस्तानातले) ख्रिस्ती पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, असं त्यात आहे. हा ख्रिस्ती लोकांचा पुरावा झाला, येशूचा नाही. स्विटोनियस क्लॉडियस बादशहाच्या काळात रोममधल्या यहूद्यांत ‘ख्रेस्तुस’च्या चिथावणीवरून दंगे झाल्याचं सांगतो. ख्रेस्तुस हे गुलामांमध्ये सर्रास आढळणारं नाव, आणि घटना येशूच्या मृत्यूनंतर पंधरा-वीस वर्षांची, तीही रोममधली. या तिघांना एका दमात ‘तीन रोमन साक्षीदार’ म्हणणारा वक्ता दिसला की समजावं, त्याने उतारे वाचलेले नाहीत.

याच रविवारी ‘समकालीन एकही नोंद नाही’ हा आक्षेप घेतात. नागपूरच्या श्रोत्यांना तो पटकन पटतो. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे ताम्रपट वाचून दाखवल्यानंतर इतिहास म्हणजे कोरीव लेख, अशी आपली सवय झाली आहे. पण ताम्रपट कोण कोरवून घेतो? राजा, राणी, दान देणारा. गालीलातला फिरता उपदेशक कोरवून घेत नाही. पिलातासारख्या सुभेदाराचं उदाहरण इथे फार उपयोगी पडतं. त्याने दहा वर्षं, २६ ते ३६, यहूदीयाचा कारभार पाहिला. त्याची नाणीही आहेत, पण त्यांवर नाव तिबेरियस बादशहाचं. स्वतःच्या हुद्द्यासकट त्याचं नाव कोरलेला दगड एकच, तोही नाट्यगृहाच्या बांधकामात पुन्हा वापरलेला. आता दुसरी बाजू. फिलो हा अलेक्झांड्रियाचा यहूदी लेखक येशूचा समकालीन; तो पिलाताबद्दल लिहितो, येशूबद्दल नाही. तिबेरियासचा जस्टस हा गालीलातलाच इतिहासकार. त्याचा ग्रंथ हरवला, पण नवव्या शतकात तो वाचलेल्या फोटियस या ग्रीक विद्वानाने त्यात येशूचा उल्लेख नसल्याची नोंद करून ठेवली आहे. हा मुद्दा वर्गात आला आणि नीट आला. नाही म्हणणाऱ्या बाजूला फुकटात मिळणारं हे सर्वांत चांगलं हत्यार आहे, पण ते वापरताना बहुतेकांना जस्टसचं नावही ठाऊक नसतं.

दुसरा रविवार जोसेफसचा. ‘यहूद्यांचा पुरातन इतिहास’, इ.स. ९३-९४, त्यातल्या दोन जागा. अठराव्या खंडातल्या उताऱ्याचं पान पेन्सिलीसह देतात आणि एक यहूदी लेखक, जो ख्रिस्ती झाला नाही, तो जे लिहिणार नाही ते खोडायला सांगतात. बहुतेकांची पेन्सिल तीन ठिकाणी थांबते: त्याला माणूस म्हणणं योग्य असेल तर, तो ख्रिस्त (देवाने पाठवलेला तारणारा) होता, आणि तिसऱ्या दिवशी जिवंत होऊन दिसला. उरतो तो सुज्ञ गुरू, पिलाताने दिलेली शिक्षा आणि अजून न संपलेली त्याची जमात. मूळ मजकूर असा साधा असावा आणि त्यात नंतर भर पडली असावी, हे आज सर्वाधिक मान्य असलेलं मत.

इथेच हा प्रयोग फसवतो, आणि वर्गाने त्याबद्दल सावध करायला हवं होतं. खोडून उरलेला मजकूर सरळ वाचता येतो म्हणून तो मूळचाच, असं हॉलमधल्या अर्ध्या लोकांचं झालं. खोडणाऱ्याने आपल्याला हवं ते ठेवलं की उरलेलं सरळ वाचणारच! खरी चाचणी बाहेरून करावी लागते. ख्रिस्ती विद्वान ओरिजेन तिसऱ्या शतकाच्या मध्यात स्पष्ट लिहितो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणजे त्याच्यासमोरच्या प्रतीत ‘तो ख्रिस्त होता’ हे वाक्य नसावं. पूर्ण उतारा पहिल्यांदा उद्धृत करतो तो ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस, चौथ्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात. दोघांमध्ये सत्तर-पाऊणशे वर्षांचं अंतर. भर तेव्हा पडली, की सगळा उताराच तेव्हा आला? दोन्ही मतं जिवंत आहेत. दहाव्या शतकातला अगापियस या बिशपचा अरबी पाठ, जो १९७१ साली श्लोमो पिनेस यांनी चर्चेत आणला, त्याच्यावर वर्गाने पाऊण तास घालवला. तो अनुवादाचा अनुवाद आहे. दहा मिनिटं पुरली असती.

विसाव्या खंडातली जागा लहान आणि जास्त मोलाची. इ.स. ६२, सुभेदार फेस्तस मेलेला, नवा अल्बिनस अजून वाटेत; त्या फटीत मुख्य याजक अनानस याने याकोबाला दगडमार करवला. याकोबाची ओळख जोसेफस देतो ती ‘ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी. ‘म्हणवल्या जाणाऱ्या’ ही भाषा भक्ताची नाही. आक्षेप असा की त्याच हकिकतीत पुढे दम्नैचा मुलगा येशू मुख्य याजक होतो. तेव्हा मूळ रोख त्याच्याकडे असावा आणि समासातली टीप मजकुरात शिरली असावी. समासातल्या टिपा मजकुरात शिरतात, हे हस्तलिखितांत नवीन नाही. पण ही विशिष्ट टीप शिरल्याचा प्रतींमध्ये माग नाही, हेही तितकंच खरं. संचालकांनी दोन्ही बाजू मांडल्या, निकाल दिला नाही. बरं केलं.

तिसऱ्या रविवारी शुभवर्तमानं, म्हणजे नव्या करारातली येशूची चार चरित्रं. मार्क ७० च्या आसपास, मत्तय आणि लूक ८० ते ९०, योहान ९० च्या पुढे. पहिलं काम म्हणजे साक्षीदार मोजणं. मार्कातला सुमारे नव्वद टक्के मजकूर मत्तयात आहे, लूकही मार्क समोर ठेवूनच लिहितो. तेव्हा तिघांनी सांगितलं म्हणून घटना तीनदा सिद्ध, हा हिशोब बाद. यासाठी फाइलीत तीन रंगांत छापलेलं शेजारी-शेजारी पान आहे आणि ते उत्तम आहे. बाप्तिस्म्याचा (पापक्षालनाच्या स्नानाचा) प्रसंग त्यात सलग वाचायला लावतात. मार्कात येशू बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून (हा शुभवर्तमानाचा योहान नव्हे) सरळ बाप्तिस्मा घेतो. मत्तयात योहान आधी आढेवेढे घेतो. चौथ्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याचं वर्णनच गळतं. अनुयायांना अडचणीचा वाटलेला तपशील त्यांनी स्वतःहून रचला नसणार, हा त्यामागचा निकष. त्याची मर्यादा वर्गाने सांगितली नाही: मत्तयाला अडचण वाटली म्हणून मार्कालाही वाटली होती, हे त्यातून सिद्ध होत नाही.

लीळाचरित्राचा दाखला दिला तेव्हा हॉल जागा झाला. आपल्या विदर्भातच, रिद्धपूरला, म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी अनुयायांकडून गोळा केल्या. स्वामींच्या प्रयाणानंतर काही वर्षांतच. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली, शिष्यांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली आणि पाठभेद झाले. तरी चक्रधरस्वामी झालेच नाहीत असं कोणी म्हणत नाही. दाखला समर्पक आहे, पण तो अर्धाच वापरला. म्हाइंभट मराठीत लिहितो, त्याच मुलखात, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना विचारून. शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि येशू बोलत होता अरामी; मार्काचं अंतर चाळीस वर्षांचं. हा फरक सांगितला असता तर दाखला दोन्ही बाजूंच्या कामी आला असता.

जनगणनेचा घोळ वर्गाने चांगला हाताळला. मत्तयानुसार येशूचा जन्म राजा हेरोद जिवंत असताना, आणि हेरोद मेला इ.स.पू. ४ मध्ये. लूक जन्म जोडतो रोमन सुभेदार क्विरिनियसच्या नावनोंदणीशी, ती इ.स. ६ ची. नऊ-दहा वर्षांची तफावत. यावरून जन्मकथा इतिहास म्हणून टिकत नाहीत एवढंच ठरतं. जन्मतारीख कळत नाही म्हणून माणूसच नव्हता, असं म्हणायचं झालं तर अर्धा प्राचीन इतिहास पुसावा लागेल.

मग घड्याळात दहा वीस झाले आणि पौल आला. इथे माझी खरी तक्रार. निर्विवाद मानली जाणारी सात पत्रं, ५० ते ६० च्या दरम्यानची, म्हणजे कोणत्याही शुभवर्तमानाच्या आधीची. या सबंध वादाचा मणका तोच आहे. गलतीकरांस पत्र, पहिला अध्याय: पौल यरुशलेमेला गेला, केफाकडे (म्हणजे पेत्राकडे) पंधरा दिवस राहिला, आणि प्रभूचा बंधू याकोब याच्याखेरीज दुसऱ्या कोणा प्रेषिताला भेटला नाही. गणित करून बघा. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून गॅलियो हा ग्रीसमधल्या अखया प्रांताचा रोमन अधिपती ५१-५२ च्या सुमारास ठरतो. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार पौल करिंथात त्याच्यासमोर उभा होता. तिथून मागे या. गलतीकरांत पौल स्वतः आधी तीन आणि मग चौदा वर्षांचे टप्पे देतो. चौदा वर्षं पहिल्या भेटीपासून मोजा किंवा मनपरिवर्तनापासून, दोन-तीन वर्षांचा फरक पडतो. पण याकोबाची भेट इ.स. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धातच येते. म्हणजे क्रुसानंतर दहा वर्षांच्या आत येशूच्या भावाला भेटलेला माणूस, स्वतःच्या शब्दांत. आणि तो ही भेट मिरवत नाही. आपण यरुशलेमेकडून फार काही घेतलं नाही हे दाखवण्यासाठी नाइलाजाने सांगतो. असा नाइलाज इतिहासकाराला आवडतो.

याला उत्तर काय? ख्रिस्ती मंडळी एकमेकांना बंधू म्हणत, तेव्हा हा नुसता धर्मबंधू. प्रत्युत्तर: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल ‘प्रभूचे भाऊ’ आणि ‘केफा’ वेगळे मोजतो. केफा काय बंधू नव्हता? यावर पुन्हा उत्तर आहे, आणि त्यावरही. शिवाय नाही म्हणणाऱ्यांचा सर्वांत मजबूत मुद्दाही पौलातच दडलेला: येशूचं आयुष्य तो जवळजवळ सांगतच नाही. शेवटचं भोजन, घटस्फोटाबद्दलची आज्ञा, दाविदाचा वंश, क्रूस, दफन, पुढे शांतता. ना बोधकथा, ना पिलाताचं नाव. एवढं सगळं चाळीस मिनिटांत बसत नाही. बसवायला गेले तर त्यांनी पी-४६ या सुमारे इ.स. २०० च्या पपायरसची स्लाइडही घाईत पुढे ढकलली, आणि पौलाच्या पत्रांची प्रत किती जुनी हा तक्त्यातला चौथा रकाना बहुतेकांचा कोराच राहिला.

चौथ्या रविवारी वादसभा. बाजू चिठ्ठी टाकून ठरते. मांडणी सात मिनिटं, उलटतपासणी चार, समारोप तीन. गुण तीसपैकी: दहा आधाराच्या अचूकतेला, दहा समोरच्याच्या सर्वांत बळकट मुद्द्याला उत्तर दिल्याबद्दल आणि दहा पुरावा ताणला नाही म्हणून. हे शेवटचे दहा फार मोलाचे. गडी हरतात ते सात मिनिटांत सात पुरावे कोंबल्यामुळे. होय म्हणणाऱ्याने गलतीकरांस आणि जोसेफसचा विसावा खंड एवढंच घ्यावं. नाही म्हणणाऱ्याने पौलाचं मौन आणि शुभवर्तमानांचं एकमेकांवरचं अवलंबन. ‘हजारो हस्तलिखितं आहेत’ हे वाक्य दोन गुण घालवतं. नव्या कराराच्या ग्रीक प्रती साडेपाच हजारांहून जास्त आहेत खऱ्या, पण प्रती वाढल्याने साक्षीदार वाढत नाहीत. तसंच मँचेस्टरच्या पी-५२ या पपायरसच्या तुकड्याचं: साधारण नऊ बाय सहा सेंटिमीटर, त्यावर योहानातली काही वचनं. १२५ हे साल त्याला हल्ली कोणी डोळे मिटून देत नाही. कालखंड दुसरं शतक ते तिसऱ्याची सुरुवात इतका रुंद धरतात.

सभेत बुद्धाचा प्रश्न निघाला. दीक्षाभूमीच्या गावात तो निघणारच. अशोकाचा लुंबिनीचा स्तंभलेख १८९६ मध्ये सापडला. बुद्ध इथे जन्मला असं तो सांगतो, पण बुद्धाच्या काळापासून तो शंभराहून अधिक वर्षं नंतरचा. त्या मापाने येशूचा पुरावा कालाने जवळचा आहे. संचालकांनी कार्ड वर धरून प्रश्न थांबवला. चूक केली. एकच माप दोघांना लावून बघणं हाच तर तक्त्याचा उपयोग.

येशू काश्मीरकडे आला होता, हा विषय मात्र योग्य तेवढ्यातच आवरला. १८९४ मध्ये रशियन प्रवासी नोटोविचने लडाखमधल्या हेमिसच्या मठात येशूचं चरित्र पाहिल्याचा दावा केला, पुढच्याच वर्षी प्राध्यापक डग्लस तिथे गेले आणि मुख्य लामांनी असं काही झाल्याचं साफ नाकारलं. येशूचं कफन म्हणून पूजलं जाणारं तुरीनचं वस्त्र १९८८ च्या कार्बन चाचणीत १२६० ते १३९० मधलं निघालं. ‘येशूचा भाऊ’ असा लेख असलेली याकोबाच्या नावाची अस्थिपेटी २००२ मध्ये गाजली, पण ती रीतसर उत्खननातली नाही. २०१२ मध्ये पेटीचा मालक बनावटीच्या आरोपातून सुटला, त्याने लेख अस्सल ठरत नाही. तीन प्रश्न, बारा मिनिटं.

व्यवस्थेबद्दल थोडं. पंखे घरघरतात, मागच्या दोन रांगांना ऐकू येत नाही. आठला दहा कमी असताना पोचा. पोहे बरे, तर्री पांचट. फाइलीत पान ३१ वर मार्काचं साल ४० छापलंय, ते ७० करून घ्या. पिलाताच्या शिलालेखाचा फोटो काळाकुट्ट आला आहे. उतारे तुटक दिलेत, म्हणून नवा करार सोबत न्या, आणि तिसऱ्या रविवारच्या आदल्या रात्री गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय वाचून ठेवा. वीस मिनिटांचं काम आहे. नुसती फाइल दीडशे रुपयांत वेगळीही मिळते. पहिला आणि चौथा रविवारच जमत असेल तर फाइल घेऊन तेवढे दोन करा, जोसेफसचा पेन्सिलीचा प्रयोग घरी होतो.